म्हशीच्या माथी

रेवानं जन्मात कुणाला शिंग लावलं नव्हतं. सुरती म्हैस, अंगानं बेताची, स्वभावानं गाईपेक्षा गरीब. पण बडोद्याच्या दवाखान्यात केसपेपरवर लिहिलं गेलं की पेशंटला घरी गोठ्यात म्हशीनं धडक मारली, आणि एकदा कागदावर चढलं की कोण विचारतंय! रेवा काही वकील लावणार नव्हती.

त्या दिवशी जिजाबाई शितोळे गोठ्यात नव्हतीच मुळी. ती प्रतापसिंहाच्या गाडीत पुढच्या सीटवर बसली होती, मांडीवर दुधाची बरणी आणि पायाशी तुरीच्या शेंगांची पिशवी घेऊन. प्रतापसिंह म्हणजे तिच्या चुलत दिरांचा मुलगा. बडोद्याला मकरपुऱ्यात एका कारखान्यात सुपरवायझर, राहायला सुभानपुऱ्यात. त्याची बायको मिताली हिचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. तो शेंगा न्यायला त्यांच्या गावी, करमडीला आला आणि म्हणाला, "काकी, चला ने. मितालीनं खास बोलावलंय. सांजच्याला परत सोडतो."

जगदेवराव, जिजाबाईचे यजमान, गेले नाहीत. कापूस वजनावर जायचा होता. त्यांनी गाडीच्या खिडकीतून शंभराची नोट आत सारली आणि म्हणाले, "घे प्रताप. चारा."

हा शितोळ्यांचा रिवाज. पूर्वज बडोदा राज्याच्या फौजेत शिलेदार, स्वतःचा घोडा बाळगणारे. दुसऱ्याच्या घोड्यावर मांड टाकली तर घोड्याच्या चाऱ्याचे पैसे मोजल्याशिवाय उतरायचं नाही, असा दंडक. घोडे गेले, पागा गेल्या, इनामाची जमीन वाटण्या होऊन होऊन सहा विघ्यांवर आली, तरी चारा काही सुटला नाही. भाच्याच्या स्कूटरवर बसून डभोईला गेले तरी जगदेवराव वीस रुपये काढतात. घेणारा हसतो आणि घेतो. प्रतापनंही हसून नोट वरच्या खिशात टाकली.

डभोई रोडला केळीच्या वखारीपुढे वळण आहे. तिथं प्रतापचा फोन वाजला. कारखान्याचा होता. तो एका हातानं स्टिअरिंग धरून बोलू लागला. जिजाबाई म्हणाली, "बाबा, समोर बघ." समोर कापसानं भरलेली ट्रॉली उभी होती. प्रतापनं गाडी एकदम वळवली ती रस्ता सोडून खाली गेली आणि बाभळीवर बसली. जिजाबाईनं उजवा हात पुढं टेकवला होता. दंडातून काडकन आवाज झाला तो तिनं स्वतःच्या कानानं ऐकला. बरणी फुटली नाही, झाकण तेवढं उडालं. सगळं दूध तिच्या अंगावर आलं.

प्रतापला कपाळाला खरचटलं होतं. त्यानं तिला उतरवलं, एका टेम्पोत घातलं, आणि दवाखाना येईपर्यंत एकच बोलत राहिला. "काकी, पोलीस केस झाली तर माझी नोकरी जाईल. लायसन जाईल. फोनवर होतो ते निघेल. काकी, घरची गोष्ट आहे. पायांवर डोकं ठेवतो."

खरंच ठेवलं त्यानं. टेम्पोत, ऑक्सिजनच्या सिलिंडरांमध्ये बसून, तिच्या दुधानं भिजलेल्या पायांवर.

जगदेवराव तासाभरात मोटरसायकल दामटत पोचले. दारातच काका-पुतण्यांचं काही बोलणं झालं. आत डॉक्टरनं गुजरातीत विचारलं, हे कसं झालं? जगदेवराव म्हणाले, "गोठ्यात म्हशीनं धडक मारली." डॉक्टरनं जिजाबाईकडे पाहिलं. "मा, बराबर छे?"

प्रताप पलीकडे हात जोडून उभा होता. जिजाबाईनं मान हलवली. वेदनेनं डोळ्यांपुढे पिवळं दिसत होतं, पण मान तिनं समजून उमजून हलवली, हे नंतर ती कधी नाकारणार नव्हती. घरातल्या पोराला वाचवायचं तर थोडं खोटं बोललं, त्यात काय मोठं! म्हैस काही रागावणार नाही.

*

दंडात धातूची पट्टी बसवली, आठ स्क्रू. त्या सालचा कापूस त्यात गेला. अकराव्या दिवशी ती करमडीला परत आली तेव्हा हात गळ्यात होता आणि पंजा मनगटापासून खाली लोंबत होता. उचल म्हटलं की उचलायचा नाही. डॉक्टर म्हणाले होते, नस दबली आहे, येईल हळूहळू.

रेवा तिला बघून हंबरली. पण धार काढायला जगदेवराव बसले तशी तिनं पान्हा चोरला. बारा वर्षं एकाच हाताची सवय. जगदेवरावांनी रेडकू लावलं, पेंड ठेवली, पाठीवर हात फिरवला, गुजरातीतून समजावलं, मराठीतून शिव्या दिल्या. सकाळी सात लिटर देणारी म्हैस दोन लिटरवर आली.

जिजाबाई शेजारी पाटावर बसायची. डाव्या हातानं एक सड धरायची, थोडी धार यायची, मग तोच हात भरून यायचा. रेवा वळून तिचा लोंबता पंजा हुंगायची. जिजाबाईला रडू यायचं ते तेव्हाच. दवाखान्यात ती रडली नव्हती.

गावात बातमी पसरली होती. दूध मंडळीच्या, म्हणजे गावच्या डेअरी सोसायटीच्या, ओट्यावर कॅन घेऊन उभी राहिली की बायका विचारायच्या, "शुं थयुं बेन, भेंस मारकणी थई गई?" मंडळीचे सेक्रेटरी रमणभाई फॅट मोजता मोजता म्हणाले, "काढून टाका जिजाबेन. मारकी म्हैस घरात नको. माझा मेहुणा कसायाला नाही देणार, पण भाव पाडून मागेल." शेजारची पोरं रेवाच्या दारावरून जाताना पळायला लागली. एकानं तर खडाही मारला. जिजाबाईनं त्याला पकडून कानाखाली लावली असती, पण ज्या हातानं लावायची तोच हात गळ्यात बांधलेला.

तिला त्या मुक्या जनावराची लाज वाटायची. तोंडापर्यंत यायचं की नाही हो, तिनं काही केलं नाही. मग प्रतापचं डोकं आठवायचं आणि ती गप्प बसायची.

घरात मात्र जगदेवरावांनी तिची अशी काही सेवा मांडली की बायका हेवा करायला लागल्या. पस्तीस वर्षांत ज्या माणसानं पाण्याचा पेला स्वतः घेतला नाही, तो सकाळी उठून तिची वेणी घालू लागला. वेणी वाकडीच व्हायची. लुगड्याच्या निऱ्या घालताना ते गुडघ्यांवर बसायचे, पाच निऱ्या घालायचे, त्या सुटायच्या, पुन्हा घालायचे. वरणभात कालवून भरवायचे. रजक्याचा हिरवा घास कापून आणायचे, शेण काढायचे, भाकऱ्यांचे नकाशे थापायचे. एकदा निऱ्या खोचताना ती म्हणाली, "अहो, कोण जाणे, हात मोडला तेच बरं झालं. नवरा तरी मिळाला."

ते हसले नाहीत. "तसं बोलू नये," म्हणाले आणि बाहेर गेले.

तिला वाटलं, माणूस लाजला. तिनं त्या रात्री देवापुढं दिवा लावताना मनात म्हटलं होतं, हात गेला तर गेला, पण हे माणूस मला दिसलं. ते वाक्य पुढं तिला फार टोचलं.

*

जूनच्या शेवटी डॉक्टरनं पंजा वर-खाली करून पाहिला आणि मान हलवली. नस आली नव्हती. आता दुसरं ऑपरेशन करावं लागेल, म्हणाले. हाताच्या आतल्या बाजूची स्नायूची दोरी काढून पाठीमागं जोडायची, मग बोटं उचलतील. उशीर केला तर सांधे धरतील आणि पंजा कायमचा असाच. जगदेवरावांनी खर्च विचारला, ऐकला, आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना एकदाही तिच्याकडे पाहिलं नाही.

त्याच आठवड्यात प्रताप आणि मिताली भेटायला आले. गाडी अंगणात उभी राहिली ती अशी चकचकीत की कोंबड्या तिच्यात तोंड बघायला लागल्या. नवं बॉनेट, नवे दिवे, पुढची नवी काच. बाभळीचा मागमूस नाही.

जिजाबाई ओट्यावर बसली होती. ती म्हणाली, "गाडी नवी घेतली का रे?"

"ना ना काकी, तीच आहे."

मिताली बिचारी भोळी. सुनेनं बोलावं तसं बोलून गेली, "कंपनीनं सगळं करून दिलं काकी. विम्यातून. एक पैसा लागला नाही आपला."

प्रतापनं तिच्याकडे असं पाहिलं की ती चहाचे कप उचलून आत गेली.

जिजाबाई सातवीपर्यंत शिकलेली, माहेर धुळ्याकडचं. विमा म्हणजे काय ते तिला मंडळीतून ठाऊक होतं. म्हशींचा विमा असतो, म्हैस मेली की कानातला बिल्ला दाखवावा लागतो. तिनं थोडा विचार केला. "प्रताप," ती म्हणाली, "गाडीच्या नाकाला विमा मिळाला. मग त्याच गाडीत बसून माझा हात मोडला, त्याला नाही का मिळत?"

"काकी, ते वेगळं असतं. टेन्शन नका घेऊ ने. मी बघतो. एक-दोन महिने जाऊ द्या, मी बोललोय एजंटशी."

"बोललायस?"

"बोललोय ने. बराबर ने काका?"

जगदेवराव गोठ्याच्या दारात उभे होते. त्यांनी मान हलवली आणि उगाचच रेवाची दावण तपासायला लागले.

जाताना प्रतापनं काकीच्या पायांना हात लावला आणि टोपलीभर केळी ठेवली. जिजाबाईला तो केळ्यांचा घड डोळ्यांसमोर नको झाला. तिनं तो रेवाला घातला.

दुसऱ्या दिवशी मंडळीच्या ओट्यावर तिनं रमणभाईंना बाजूला घेतलं आणि पहिल्यांदा खरं सांगितलं. रमणभाई फॅटच्या मशीनवर हात ठेवून ऐकत राहिले. मग म्हणाले, "जिजाबेन, मेहुण्याच्या अपघाताच्या वेळी आम्ही एक वकील केली होती. तुमच्यातलीच आहे, मराठी. दिवाळीपुऱ्याच्या कोर्टासमोर बसते. पण लवकर जा. या दाव्याला सहा महिने असतात. संक्रांत होऊन किती झाले?"

तिनं बोटांवर मोजले. डाव्या हाताच्या. पाच महिने आणि वर बावीस दिवस.

"एक-दोन महिने जाऊ द्या" हे प्रतापचं बोलणं तेव्हा तिच्या डोक्यात नीट बसलं. संताप असा आला की कॅन तिथंच ठेवून ती घरी निघून आली. रमणभाईंना तो पोचवावा लागला.

*

"कोर्ट कशाला? घरातली गोष्ट आहे," जगदेवराव म्हणाले.

"घरातली आहे म्हणून तर सहा महिने गप्प बसले."

"प्रतापवर बालंट येईल."

"मला प्रतापकडून काही नको. कंपनी देते ते हवं. त्यासाठीच तर हप्ते भरतात ना लोक?"

त्यांनी खुंटीवरची टोपी काढून झटकली. मग म्हणाले, "जायचं तर मी येतो. एकटी बसमध्ये कशी चढशील."

ते खरं होतं. डभोईच्या स्टँडवर गर्दी होती. दाराचा दांडा उजव्या हाताला येत होता. तिनं सवयीनं हात उचलला, दंड उठला, पंजा उठला नाही. मागून लोक ढकलत होते, एक जण ओरडला, "मासी, चडो ने!" जगदेवरावांनी तिला कंबरेला धरून वर चढवलं. भर स्टँडात नवऱ्यानं कंबरेला धरलं म्हणून तिला शरम वाटली.

आधी सुभानपुऱ्याला गेले. प्रताप कामावर होता. जगदेवराव म्हणाले, मी खालीच थांबतो, जिना चढवत नाही. जिजाबाई एकटीच वर गेली. मितालीनं दार उघडलं आणि तिचा चेहराच पडला.

"गाडीच्या विम्याचे कागद दे मला," जिजाबाई म्हणाली. "बसत नाही. पाणीही नको."

"काकी, हे रागावतील."

"रागावू दे. त्यानं माझ्या पायांवर डोकं ठेवलं होतं, ठाऊक आहे तुला?"

मिताली आत गेली. एकच कपाट उघडल्याचा आवाज आला, म्हणजे कागद कुठं आहेत ते तिला चांगलं ठाऊक होतं. तिनं झेरॉक्स कागदांची जाडी थप्पी प्लास्टिकच्या पिशवीत घातली, वर घट्ट गाठ मारली आणि जिजाबाईच्या डाव्या हातात दिली. हात सोडला नाही.

"काकी, वकिलाकडंच उघडा. रस्त्यात नको." तिचे डोळे भरले होते. "मी यांना म्हटलं होतं. देवाशपथ म्हटलं होतं."

"काय म्हटलं होतंस?"

मितालीनं दार लोटून घेतलं.

रिक्षात जगदेवराव म्हणाले, "दे, मी बघतो काय काय आहे. तुला हातानं लिहिलेली गुजराती अक्षरं वाचता येत नाहीत."

"राहू दे. वकीलबाई वाचतील."

"दे ना. धरायला जड होत असेल."

"कागदं आहेत, दगड नाहीत."

थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा मागितली. तिनं पिशवी पदराखाली घेतली. मागितली म्हणून नव्हे, माणूस इतकं का मागतंय याचंच तिला नवल वाटलं म्हणून. वकिलीणबाईंच्या ऑफिसच्या दारात ते म्हणाले, "आत उकडतं. मी इथं बाकावर बसतो." आषाढातली उकड होतीच. पण आत पंखा दिसत होता आणि बाहेर नव्हता.

*

ॲडव्होकेट निरुपमा पन्नाशीच्या, केस आखूड, बोलणं थेट. त्यांनी आधी हात बघितला. पंजा स्वतःच्या तळहातावर घेतला, सोडला, तो पडला. मग सगळं ऐकून घेतलं.

"बघा जिजाबाई," त्या म्हणाल्या, "गाडीचा नुसता सक्तीचा विमा असेल, तर रस्त्यावरच्या माणसाला मिळतं, खासगी गाडीत आत बसलेल्याला नाही. पूर्ण विमा असेल तर आत बसलेल्या पाहुण्यालाही मिळतं. चालवणाऱ्याची चूक दाखवावी लागते, ती तर उघड आहे. आता विमा कुठला ते बघू."

त्यांनी कात्रीनं गाठ कापली. वरचा कागद वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला. "पूर्ण आहे. तुमचा हक्क बसतो."

जिजाबाईला एकदम हलकं वाटलं. तिला रेवा दिसली, भरलेली कास दिसली. तिनं पदरानं तोंड पुसलं.

निरुपमाबेन पुढचे कागद उलटत होत्या. एका कागदावर थांबल्या. पुन्हा वाचला. चष्मा काढला, पुसला.

"हा गाडीच्या नुकसानीचा फॉर्म. पुतण्यानं भरलाय. गाडीत किती माणसं होती, या प्रश्नापुढं लिहिलंय, एक. चालक स्वतः. जखमी कोणी नाही."

"मी होते."

"तुम्ही होता. पण त्यानं तुम्हाला गाडीतून पुसून टाकलंय. आणि कंपनीला संशय आला असणार, कारण सीटवर दूध सांडलेलं होतं, शेंगा होत्या. तपासणीवाल्यानं विचारलं म्हणून आणखी एक जबाब जोडलाय. गुजरातीत, हातानं लिहिलेला." त्यांनी तो मराठीतून वाचायला सुरुवात केली. "मी खाली सही करणार लिहून देतो की माझा पुतण्या त्या दिवशी माझ्या घरून एकटाच गाडी घेऊन निघाला. दूध व शेंगा मीच गाडीत ठेवल्या. गाडीत दुसरे कोणी बसले नव्हते. माझी पत्नी त्या दिवशी घरीच होती व तिला गोठ्यात म्हशीने..."

त्या थांबल्या.

"सही दाखवा," जिजाबाई म्हणाली.

सही मराठीत होती. ज. बा. शितोळे. खाली ओढलेली रेघ, रेघेखाली दोन टिंबं. पस्तीस वर्षं मंडळीच्या पासबुकावर, कर्जाच्या कागदांवर, सासरी गेलेल्या मुलीच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर बघितलेली.

"तारीख?"

"एकोणीस जानेवारी."

एकोणीसला तिला ऑपरेशनला आत नेलं होतं. बाहेर आणलं तेव्हा बाकावर कोणी नव्हतं. औषधं आणायला गेले होते, असं ते नंतर म्हणाले होते.

"जिजाबाई, एक विचारते. पैसे दिले होते का गाडीत बसायचे?"

तिनं चाऱ्याचं सांगितलं. घोडे, पागा, शंभराची नोट, सगळं. निरुपमाबेननी कपाळाला हात लावला. "भाड्यानं माणसं बसवली तर कंपनी हात वर करते, ते खरं. पण घरच्या माणसानं पुतण्याच्या हातात शंभर रुपये ठेवले तर ते भाडं होत नाही. कंपनी ओरडली असती, पण टिकलं नसतं."

"आता?"

"आता दवाखान्याचा कागद तुमच्या विरुद्ध, कंपनीचा कागद तुमच्या विरुद्ध. तरी लढता येतं. आज पोलिसात तक्रार, परवा दावा. टेम्पोवाला शोधू, सर्जनला विचारू. पण ही सही ज्याची आहे त्याला कोर्टात उभं करावं लागेल. त्यांनी खरं सांगितलं तर दावा उभा राहतो. खोट्या जबाबाबद्दल त्यांच्यावरही येऊ शकतं. घरी जाऊन विचार करा. सात दिवस आहेत."

जिजाबाई उठून बाहेर आली.

जगदेवराव बाकावर बसले होते. तिला बघताच ते उठले. तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुन्हा बसले.

"प्रतापनं काय सांगितलं होतं तुम्हाला?" तिनं विचारलं.

"जिजा, घरी गेल्यावर..."

"इथं सांगा."

"तो म्हणाला, तुमच्या चाऱ्यानं घात केला. भाडं घेतलं म्हणतील. विमा रद्द, गाडी जाईल, वर केस होईल. मीच नोट दिली होती गं. माझ्याच हातानं." ते खाली बघत बोलत होते. "तुझा सगळा खर्च मी करतो म्हणाला."

"केला?"

त्यांनी बाकावरची धूळ बोटानं पुसली.

"मला का नाही सांगितलंत? सहा महिने माझ्या निऱ्या घालत होतात, वेणी घालत होतात. एकदा तरी सांगायचं होतं."

"मला वाटलं, हात येईल. मग कळायचं कारणच नाही."

तिला त्या वाकड्या वेण्या आठवल्या. देवापुढं लावलेला दिवा आठवला. प्रताप परका नव्हता, पण पुतण्याच होता. हा माणूस तिच्या तोंडात घास घालत होता, तेव्हाही त्याला ठाऊक होतं की आपण हिला विकून बसलोय.

"कोर्टात खरं सांगाल?"

जगदेवरावांनी मान वळवली. रस्त्यावरून बस गेली. मग ते म्हणाले, "भाऊबंदांत तोंड दाखवायला जागा राहणार नाही. शितोळ्यांच्या घरात आजवर कुणी कोर्टात भावावर बोललं नाही." आणि थोड्या वेळानं, हळूच, "म्हशीचं तर तूही म्हणालीस ना दवाखान्यात. मान तूही हलवलीस."

ते खरं होतं. ती वळली आणि पुन्हा आत गेली. दार डाव्या खांद्यानं ढकललं.

निरुपमाबेन फाईल बांधत होत्या. "काय झालं?"

"सात दिवस नकोत. लिहा."

"तुम्ही नीट विचार..."

"केला. मीही दवाखान्यात खोटं बोलले, तेही लिहा. का बोलले तेही लिहा. मी सांगते, शपथेवर सांगते. मला माझा हात पाहिजे."

निरुपमाबेननी खुर्ची पुढं ओढली, कागद घेतला. पोलिसांचा अर्ज आधी झाला, मग दाव्याचा मजकूर. प्रतापसिंहाचं नाव, गाडीचा नंबर, कंपनीचं नाव. मग त्यांनी नवीन पान घेतलं.

"साक्षीदार. ज्यांना कोर्टानं बोलवायचं."

"जगदेवराव बाबुराव शितोळे. राहणार करमडी."

पेन थोडं थांबलं. "कोर्ट विचारेल, म्हणून विचारते. तुमचं नातं?"

दाराच्या काचेतून बाकावर बसलेल्या माणसाची पाठ दिसत होती. जिजाबाईनं तिकडं पाहिलं.

"नवरा," ती म्हणाली. "ठळक लिहा."